समुद्राच्या तळाशी गाव नाही

कळंबच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवत होते, त्या काळातली गोष्ट. ऐंशीचं दशक सुरू झालेलं होतं आणि पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. शाळेच्या हौदात टँकरनं पाणी पडायचं. मधल्या सुट्टीत मुलांना रांगेत उभं करून एकेक पेला पाजायचं काम माझ्याकडं होतं, कारण ओरडून ओरडून बाकीच्या सरांचे घसे बसतात म्हणे. माझा घसा पत्र्याचा असावा असा सगळ्यांचा समज होता.

त्याच सुमारास रेडिओवर बातमी आली की आपल्या देशाच्या जहाजानं समुद्राच्या तळावरून धातूचे गोळे वर काढले. बटाट्याएवढे काळे गोळे, त्यांत मँगनीज, तांबं, निकेल, कोबाल्ट. आमच्या मुख्याध्यापकांच्या अंगात ती बातमी संचारली. त्यांनी लगेच वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय असा: धातूंसाठी जमीन खणावी की समुद्राचा तळ? ज्या मुलांनी भरलेली नदी धड पाहिली नव्हती ती आता समुद्रावर बोलणार होती. परीक्षक मी. समुद्र मीही पाहिलेला नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही.

तयारीसाठी मुलं माझ्याकडंच यायची. मी त्यांना मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. हे गोळे तळावर मोकळे पडलेले असतात, ते खोदून काढावे लागत नाहीत. एखाद्या शार्क माशाच्या दाताभोवती किंवा शिंपल्याच्या तुकड्याभोवती थर चढत जातो आणि गोळा तयार होतो. दहा लाख वर्षांत त्याची वाढ काही मिलिमीटर. ते उचलताना तळाचा गाळ उठतो, तो किती दूर जातो आणि तिथल्या जिवांचं काय होतं, हे कुणाला नीट माहीत नाही. आणि जमिनीवरची खाण म्हणजे काय? झाडं गेली, धूळ उडाली, पाणी नासलं, माणसं उठवली. हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

मुलांनी त्यातलं सोयीचं उचललं. सगळ्यांना समुद्राचीच बाजू हवी होती. जमिनीच्या बाजूनं बोलायला एक मुलगा कसाबसा तयार झाला, तोही अडखळत बोलायचा. नववीतली एक मुलगी मात्र फाडफाड बोलली. "समुद्राच्या तळाशी गाव नाही, शेत नाही, देऊळ नाही, मशीद नाही. तिथून धातू घेतले तर आपले डोंगर वाचतील. मग हरकत कुणाची?" असं म्हणून ती थांबली तेव्हा टाळ्यांनी पत्रे वाजले. तो मुलगा घाम पुसत एवढंच म्हणाला की जमीन खणली तर निदान दिसतं आणि भांडता येतं. पुढचं तो विसरला.

मी पहिला नंबर मुलीला दिला. ती बोललीच चांगलं. पण नंबर जाहीर करून खाली बसले तेव्हा लक्षात आलं की तिचं भाषण मी आधी ऐकलेलं होतं. समुद्राबद्दल नव्हतं ते. आमच्या नदीबद्दल होतं.

माझं गाव तेरच्या पलीकडं, तेरणेला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला बुटका डोंगर. डोंगराच्या उतारावर गायरान. आमच्या बौद्ध वस्तीतल्या काही घरांनी त्या गायरानात दगड वेचून, काटे तोडून तुकडे वाहितीखाली आणले होते. माझ्या आईवडिलांचाही एक तुकडा होता. वडलांना आम्ही बा म्हणायचो आणि आईला माय. त्या तुकड्यात तूर, हुलगा, चांगलं वर्ष असलं तर थोडी ज्वारी. जमीन नावावर नव्हती, पण त्या तुकड्यावर उभा राहिला की बा वेगळाच माणूस दिसायचा. गावात तो मान खाली घालून चालायचा.

बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या वस्तीनं खडी फोडली. काम संपल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की ठेकेदाराच्या हाताखाली राबण्यापेक्षा आपणच मजूर सोसायटी काढावी. निघाली. गावातला एक चलाख, पण वाईट न म्हणता येणारा माणूस चेअरमन झाला, आणि बा सभासद झाला. पाझर तलाव, रस्ते, पुढं साखर कारखान्याची बांधकामं, सगळीकडं वाळू आणि खडी लागत होती. काम मिळत होतं. प्रश्न एवढाच होता की दगड घ्यायचा कुठून. डोंगर फोडायचा की नदीतले गोटे आणि वाळू उचलायची?

त्या सभेला मी सुट्टीवर आलेली होते आणि शाळेच्या ओट्याच्या कडेला बायकांत उभी होते. चेअरमन म्हणाले, "डोंगूर फोडला तर गुरं कुठं चारायची? अन ह्या लोकांची शेतं कुठं जातील? नदीत कोन राहतंय? गोटे वरच पडल्यात, निसतं येचायचं. दर पुराला नवी वाळू येती."

बोलणं चुकीचं वाटलं नाही कुणाला. मलाही नाही. सगळ्यांचे हात वर गेले, बाचा तर सगळ्यात आधी. डोंगराला हात लावायचा नाही असा ठराव झाला आणि आमच्या वस्तीत त्या संध्याकाळी गूळ वाटला.

नदीत कुणी राहत नव्हतं हे खरं. पण उन्हाळ्यात नदी आटली की बायका वाळूत हातभर खड्डा उकरायच्या, त्यात हळूहळू पाणी झिरपून यायचं. त्याला झिरा म्हणतात. करवंटीनं एकेक घोट घागरीत भरायचा. गावाचा झिरा वरच्या अंगाला आणि आमच्या वस्तीचा सगळ्यात खाली, रीत तशीच होती. मायचा जन्म त्या झिऱ्याशी वाकण्यात गेला, पण तो घरापासून हाकेच्या अंतरावर होता आणि त्याच्याशी बसून चार बायका हसायच्या, भांडायच्या, सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. त्या सभेत झिरा हा शब्द कुणी उच्चारला नाही. बायकांना विचारलं असतं तर त्यांनी उच्चारला असता. पण सोसायटीच्या सभेत बायकांना विचारायची पद्धत नव्हती.

काही उन्हाळ्यांत ट्रकांनी नदी साफ केली. आधी गोटे गेले, मग वाळू. खाली काळा खडक उघडा पडला. पाऊस पडला की पाणी खडकावरून धावत निघून जायचं, थांबायला वाळूच नव्हती. नवी वाळूही आली नाही, कारण वरच्या गावांनीही बांध घातले होते आणि त्यांच्याकडंही ट्रक होते. आमचा झिरा सगळ्यांच्या आधी गेला, कारण तो सगळ्यात खाली. त्याची बातमी झाली नाही. पुढं काठावरच्या बागायतदारांच्या विहिरींचं पाणी खाली गेलं तेव्हा मात्र उस्मानाबादहून साहेब आले, जीप आली, चहा झाला. मला अजून त्या चहाचा राग आहे.

माय गावाबाहेर, लांबच्या तळ्याकाठच्या विहिरीवरून पाणी आणायला लागली. दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर. टाळूवरचे केस चुंबळीनं झिजून गेले. मी सुट्टीत गेले की तिच्या मानेला तेल लावून द्यायचे. ती म्हणायची, "लई जोरात न्हाय, बाई. मान हाय, पाटा न्हाय." याखेरीज त्या पाण्याबद्दल ती काही बोलल्याचं मला आठवत नाही.

स्पर्धा झाली त्याच आठवड्यात आमच्या गावची एक बाई कळंबच्या बाजारात भेटली. म्हणाली, रविवारी सोसायटीची सभा हाय, डोंगराचं काहीतरी चाललंय. मी दोन एस्ट्या बदलून गावी गेले. वाटेत बाहेर पाहवत नव्हतं. शेतं नुसती उघडी पडलेली. खिडकीची काच फुटलेली होती आणि सगळी धूळ माझ्या डोळ्यांत येत होती, पण उठून दुसरीकडं बसायचाही कंटाळा आला होता.

सभा पुन्हा त्याच ओट्यावर होती. चेअरमनांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी सरळच सांगितलं. नदी संपली. मोठ्या रस्त्याचं काम मिळालंय, खडी यंत्रानं फोडायची, पण डोंगर उघडावा लागंल. वस्तीतल्या माणसांना सुगीपासून काम नाही, ती ऊसतोडीला चाललीत, घरं बंद पडलीत. डोंगर उघडला तर वर्षभर इथंच काम. खाण नेमकी गायरानाच्या मधोमध सुरू होणार होती, म्हणजे आमच्या तुकड्यावर.

मला राहवलं नाही. मी कडेवरून पुढं गेले आणि म्हणाले, "डोंगराला हात लावायचा नाही असा ठराव झाला होता. म्हणून तर नदी दिली."

चेअरमन चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "तवा नदी होती की, बाई."

नदी खणली की डोंगर वाचेल, असा तो हिशोब होता. नदी खणून झाली होती आणि आता डोंगराची पाळी होती. एकाच्या बदल्यात दुसरं, असं काही नव्हतंच. आधी एक, मग दुसरं, एवढंच होतं. शाळेतल्या त्या मुलीचं भाषण मला आठवलं. समुद्र खणून झाल्यावर पृथ्वीवरच्या कुठल्या डोंगराला दिलेलं वचन कोण पाळणार होतं, आणि तेव्हा ते मोडल्याचं विचारायला कोण पुढं येणार होतं? मी मागं सरून पुन्हा कडेला उभी राहिले. ज्यांच्या भाऊबंदांची घरं बंद पडली होती ती माणसं माझ्याकडं पाहत होती. मी पगारी बाई. पहिल्या तारखेला माझ्या हातात पैसे पडत होते.

चेअरमनांनी बाला विचारलं, कारण नावावर नसला तरी तुकडा तो कसत होता. बा उठला नाही. बसल्या जागेवरूनच त्यानं हात वर केला. खाण उघडायला त्याची संमती होती. मग सगळ्यांचे हात वर गेले.

घरी येईपर्यंत मी दम धरला. उंबऱ्यात पाऊल टाकल्याबरोबर माझा तोल सुटला. "तुमी का हात वर केला, बा? तुमी न्हाय म्हनला असता तर चार माणसं तुमच्या मागं उभी राहिली असती. उन्हातान्हात दगड वेचले ते कशासाठी? ह्यांना द्यायसाठी?"

बा भिंतीला टेकून बसला. पागोट्याचं टोक त्यानं बोटाला गुंडाळलं. मग म्हणाला, "ऊस तोडायला गेलेल्यांची पोरं म्या बघितलीत. शाळा सुटली त्यांची. काम इथं पायजे." ते टोक सोडून देत म्हणाला, "अन मागल्या बारीला नदीसाटी पयला हात कुनाचा होता? माझाच. तवा माझा डोंगूर वाचत होता ना. झिरा कुनाचा हाय, म्या इचारलं का तुझ्या मायला? आता डोंगूर माझा हाय म्हनून न्हाय कसं म्हनू?"

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. मला वाटलं ती आता बोलेल, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढेल. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि आम्हाला जेवायला बसा म्हणाली.

ऊन उतरल्यावर आम्ही तिघं डोंगरावर गेलो. तुकड्याच्या कडेनं बानं दगडांचा बांध घातला होता. नांगरताना वर आलेला एकेक दगड वर्षानुवर्षं रचून तो कमरेएवढा झाला होता. उद्यापासून माणसं येणार होती आणि आयते वेचलेले दगड म्हणून ती पहिल्यांदा याच बांधाला हात घालणार, हे बाला ठाऊक होतं. दुसऱ्यांनी उचकटण्यापेक्षा आपणच काढू, असं म्हणून त्यानं वरचा दगड उचलला. पण तो नुसता हातात धरून उभा राहिला. कुठं ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. बाला असं उभं असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

माय पुढं गेली. तिनं त्याच्या हातातला दगड घेतला आणि वाटेच्या कडेला ठेवला. मग कमरेवर हात देऊन वाकली, दुसरा उचलला. राग नव्हता तिच्या आवाजात, मायाही नव्हती.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तुमी अन मी सारखं झालो."

बानं मान हलवली आणि तिच्या शेजारी वाकला. त्या दोघांच्या मध्ये जायचं मला धाडस होईना. मी बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेले, पदर खोचला आणि तिकडून दगड काढायला लागले.