माळ्यावरून उतरलेली सायकल

त्याला सगळे अर्धासूत म्हणत. हयात लेथ मशीनवर गेलेली, कुठलीही वस्तू हातात दिली की डोळ्यांजवळ नेऊन नजरेनंच मापणार आणि म्हणणार, "अर्धा सूत कमी आहे." लग्नाच्या फोटोची चौकट पाहूनही तो हेच म्हणाला होता. बायकोला बराच काळ वाटत होतं, की ते तिच्याबद्दल होतं.

तरुणपणी तो सायकलच्या शर्यतींत उतरायचा. निवडचाचणीच्या आदल्या दिवशी सायकल चोरीला गेली. बालमित्र त्याच्याबरोबर प्रत्येक भंगारवाल्याकडे हिंडला आणि चोराला त्यानं अशा शिव्या घातल्या, की भंगारवाले काम सोडून ऐकत बसले. चाचणी हुकली, लेथची नोकरी लागली. कारखान्याला चांगला टर्नर मिळाला, असं लोक म्हणायचे. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

पुढे त्याच्या मुलीनं या मित्राच्याच मुलाशी लग्न केलं आणि मित्र व्याही झाला. मित्राशी बिनसलं तर माणूस रस्ता बदलतो. व्याह्याशी बिनसलं तर तो रस्ता मुलीच्या दारातून जातो.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी मित्राला व्यायाम सांगितला. त्यानं माळा उपसला आणि एक गंजकी सायकल अर्धासूतच्या जिन्याखाली आणून टेकवली.

"कुठल्या कंपनीची आहे बघ. आणि हल्लीची पोरं चालवतात तशी करून दे, बिनफ्रीव्हीलची."

"फिक्स्ड? त्यात पाय थांबवता येत नाहीत. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. झेपेल तुला?"

"तुझी मुलगी झेपते की!"

दोघेही हसले.

अर्धासूत कामाला लागला. टिचकी मारली की नळ्या घुमत होत्या, म्हणजे पोलाद पातळ आणि उंची. मागच्या चाकाच्या खाचा आडव्या, म्हणजे चेन ताणायची सोय. काळ्या रंगाखाली हिरवा, हिरव्याखाली निळा. तळाचा नंबर कानशीनं घासून काढलेला. "चोरीची दिसते," तो पुटपुटला आणि त्यानं पुढचं चाक धरणारा चिमटा उतरवला.

चिमट्याची दांडी फ्रेमच्या नळीत लपलेली असते. तिथं रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही. दांडीवर पितळेचा एक जोड होता, एका अंगानं ओघळलेला. शर्यतींच्या दिवसांत, वर्कशॉपमध्ये शिकाऊ असताना, तो त्यानंच मारला होता. मिस्त्री म्हणाले होते, "हा जोड आहे की शेंबूड?" माणूस स्वतःचं चांगलं काम विसरतो, असलं नाही.

तरीही त्यानं सायकल पुरी केली. मागचं दातेरी चक्र जागेवर ठेवायला उलट्या आट्यांची एक रिंग लागते. ती नसली, तर पहिल्याच उतारावर पाय रोखताच चक्र सुटून येतं. ती रिंग त्यानं बराच वेळ हातात धरली. मग आवळली, आणि न सांगता पुढचा ब्रेकही बसवला.

मित्र आला. "वा! कुठली निघाली?"

"माझी."

मित्रानं हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तो आठवत होता. अर्धासूतला चोरीपेक्षा हेच लागलं: त्याला जन्मभर पुरलेली गोष्ट या गृहस्थाला आठवावी लागत होती.

"अच्छा, ती होय!" मित्र शेवटी म्हणाला. "अरे, तू निवडला गेला असतास तर गाव सोडून गेला असतास. मी इथं कोणाबरोबर बसलो असतो?"

"मग सांगायचंस, जाऊ नको म्हणून."

"थांबला असतास?"

"नाही."

"बघ!" मुद्दा सिद्ध झाल्यासारखा मित्र म्हणाला. "आणि शोधायला आलो होतो की मी. पायाला फोड आले होते माझ्या."

अर्धासूतनं फडक्याला हात पुसले. "सायकल इथंच राहील. तुम्ही येत जा अधूनमधून. मुलीचे सासरे आहात."

"तुम्ही? डोकं फिरलंय का तुझं?"

अर्धासूतनं दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "अगं, व्याही आलेत. चहा टाक. आणि चांगले कप काढ."