गठ्ठूचा गुडघा

गल्लीत तिला सगळे टीपताई म्हणत. पँटची लांबी कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, ही तिची कामं. नवे कपडे ती शिवत नसे. घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन. नवरा छापखान्यात दिवसपाळीवर. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी.

सासरे चार वर्षं अर्धांगवायूने पलंगाला खिळून होते. त्यांना कुशीवर वळवणं, बसतं करणं, पुसणं, भरवणं सगळं टीपताईच्या अंगावर. नवरा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा सगळं उरकलेलं असायचं, म्हातारा स्वच्छ सदऱ्यात उशीला टेकून बसलेला असायचा. ते गेले, पलंग मागच्या खोलीत सरकला, आणि टीपताईने डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा कमरेला बांधला. "आता मी कुणाला उचलणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "कुणालाही."

गठ्ठू सासऱ्यांचा कुत्रा. पिल्लू असताना जिना चढून आला आणि दुरुस्तीला आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात झोपला, म्हणून हे नाव. चार वर्षं तो त्या पलंगाखाली होता. म्हाताऱ्याचा चालता हात खाली लोंबायचा तो याच्या पाठीवर. म्हातारा गेल्यावर गठ्ठूला खाणं आणि झोपणं एवढीच दोन कामं उरली, आणि ती तो मन लावून करायचा. छत्तीस किलो झाला होता.

एके दिवशी सकाळी जिना उतरताना तो केकाटला आणि मागचा डावा पाय वर धरून उभा राहिला. दोन दिवस टीपताईने कानाडोळा केला. तिसऱ्या दिवशी गाडी करून त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी पाय वाकवून पाहिला. "गुडघ्यातला बंध तुटलाय. माणसांचा खेळताना तुटतो ना, तोच."

"आमच्याकडे खेळतंय कोण? झोपून झोपून तुटला असेल."

डॉक्टरीणबाई हसल्या, मग त्यांनी यादी सांगितली. ऑपरेशन करावं लागेल. त्याआधी सहा आठवड्यांत निदान तीन किलो वजन उतरवायचं. नंतर आठ आठवडे उडी नाही, जिना नाही, गुळगुळीत फरशीवर चालणं नाही. "आणि बाहेर नेताना पोटाखालून पट्टा घालून मागचा भाग उचलून धरायचा."

"नाही केलं ऑपरेशन तर?"

"लंगडत राहील, दुखत राहील. सगळा भार दुसऱ्या पायावर येईल, मग तोही गुडघा जाऊ शकतो."

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"उचलायला सांगितलंय."

त्याने गठ्ठूकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तो हातपाय धुवायला निघून गेला. तेवढ्यात नणंदेचा फोन. चार वर्षांत ती दोनदा येऊन गेली होती, दोन्ही वेळा फळांची पिशवी घेऊन. "वहिनी, बाबांचा जीव होता गं त्याच्यात. आणि तू आहेस म्हणून काळजी नाही. तुझ्याइतकं कुणाला जमणार आहे?"

हे वाक्य टीपताईने इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते ऐकलं तरी तिची कंबर दुखायला लागायची. तिने फोन ठेवला आणि मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"करू या ऑपरेशन. घर तयार करीन, औषधं देईन. पण उचलणार तुम्ही."

"अगं, माझी पाळी..."

"सुट्टी काढा. बाबांच्या वेळी काढली नाहीत, म्हणजे शिल्लक असणारच."

टॉवेलने तोंड पुसता पुसता तो थांबला. "काढतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. लांब पँटींचे कापून उरलेले तुकडे तिच्याकडे पोतीभर होते. जीन्सचे तुकडे जोडून तिने पट्ट्या शिवल्या, खाली रबराची जाळी लावली आणि पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत फरशी झाकून टाकली. जुन्या पँटीचे दोन पाय एकावर एक ठेवून, आत घोंगडीचं अस्तर घालून उचलायचा पट्टा केला. मूठ म्हणून दोन कंबरपट्टे, लूपसकट. सासरे पडू नयेत म्हणून पलंगाला लावलेला कठडा काढून कपाट आणि भिंत यांच्यामध्ये आडवा बांधला, झाली गठ्ठूची खोली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा भोंगा आधीच आणून रोज थोडा वेळ सवय करायला घातला. तो घालून गठ्ठू प्रत्येक चौकटीवर आपटायचा आणि चौकटीकडेच रागाने बघायचा. टीपताईला हसू यायचं, पण तेही थकलेलं, अर्ध्यात सुटणारं.

वजन दर रविवारी रद्दीवाल्याच्या काट्यावर व्हायचं. ती वाटीने मोजून खायला घालत होती. पहिले दोन आठवडे काटा जरा हलला. तिसऱ्या रविवारी रद्दीवाला म्हणाला, "ताई, माल वाढलाय."

तिने घरी येऊन नवऱ्याच्या शर्टाचा खिसा उलटा केला. बिस्किटांचा चुरा पडला.

"तो तोंडाकडे बघत बसतो गं," नवरा म्हणाला. "मला नाही म्हणवत नाही."

"मला म्हणवतं, नाही का? सगळ्यांना नाही म्हणायचं कंत्राट मलाच दिलंय! बाबांना मीठ नको, साखर नको, एकट्याने उठायचं नाही. चार वर्षं त्यांच्या लेखी मी कैदाशीण. आणि तुम्ही संध्याकाळी खिशातून गोड गोळी काढून देणारा लाडका मुलगा. मला कळत नव्हतं वाटतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी त्याने हातात घेतली, काठोकाठ भरलेली वरून बोटाने सपाट केली आणि गठ्ठूपुढे ठेवून पाठ फिरवून उभा राहिला. सहाव्या रविवारी काटा तेहतीसच्या जरा खाली थांबला.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी गठ्ठूला घरी आणलं तेव्हा त्याचा डावा पाय वरपासून खालपर्यंत भादरलेला होता, पँटीचा एकच पाय कुणीतरी कापून नेल्यासारखा. टीपताईने चष्मा लावून टाके पाहिले. बारीक, सारख्या अंतरावर. "हात चांगला आहे बाईंचा," ती म्हणाली. तिला कुणाचं कौतुक सहसा सुचत नसे.

जिन्याला अकरा पायऱ्या. नवरा गठ्ठूला दोन्ही हातांवर घेऊन उतरायचा, खाली पट्टा घालून मागचा भाग धरायचा, पुन्हा उचलून वर. दिवसातून चारदा. पहिल्या खेपेला त्याने पट्टा इतका वर ओढला की गठ्ठू तोंडावर पडता पडता वाचला. टीपताई जिन्याचा कठडा धरून वरच्या पायरीवर उभी होती. तिथूनच ओरडली, "गुडघे वाकवा, कंबर नको! आणि पट्टा मांड्यांच्या पुढे घ्या!" खाली मात्र गेली नाही.

तिसऱ्या दिवशी तो अर्ध्या जिन्यात बसला. गठ्ठू मांडीवर, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"बाबांचं वजन किती होतं?" त्याने विचारलं.

"शेवटी अठ्ठेचाळीस. आधी बासष्ट."

त्याने गठ्ठूचा भोंगा सरळ केला. "मला वाटायचं, तुला जमतंय."

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी सुट्टी संपली. सकाळी आणि संध्याकाळी नवरा होता, प्रश्न दुपारचा होता. चार वाजता गठ्ठू कठड्याला नाक लावून कुईकुई करू लागला. टीपताईने मशीन चालू ठेवलं, एक चेन उसवली, दुसरी लावली. साडेचार वाजले. मग ती उठली, कमरेचा पट्टा आवळला आणि त्याला उचललं. पाचव्या पायरीवर कमरेतून कळ गेली, पण खाली टेकवेपर्यंत ती थांबली नाही. कुणाला न उचलण्याची तिची शपथ साडेचार वाजेपर्यंत टिकली.

तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. पण संध्याकाळी ती भिंतीला धरून चालत होती, ते त्याला दिसलं. दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला, बूट न काढताच दारात उभा राहिला.

"साहेबांना भेटून आलो. दोन महिने रात्रपाळी घेतली. दिवसा मी घरी असेन."

टीपताईचे हात मशीनवर थांबले. "हे तेव्हाही करता आलं असतं?"

तो खाली बघत होता. "आलं असतं."

तिला वाटलं, आपण आता ओरडू, किंवा रडू तरी. दोन्हींसाठी अंगात त्राण नव्हतं. तिने हातातल्या पँटीची टीप पुरी केली, दोरा तोडला आणि म्हणाली, "बूट काढा. पट्टीवर चिखल होईल."

पुढचे आठवडे तसेच गेले. नवरा सकाळी येऊन झोपायचा, गजर लावून अकराला आणि चारला उठायचा, डोळे न उघडताच पट्टा शोधायचा. टाके निघाले, भोंगा गेला. आठव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून सांगितलं की गुडघा छान बसलाय, आता हळूहळू चालवा, आणि रोज पाय धरून वाकवायचा व्यायाम द्या. गठ्ठू चालू लागला. झोपून उठल्यावर पहिली दहा पावलं जरा लंगडायचा, मग सुरळीत.

त्याच आठवड्यात टीपताईने दुरुस्तीचे कपडे ज्याचे त्याला परत केले, दारावर पाटी लावली आणि बहिणीकडे निघाली. दहा दिवसांसाठी. लग्नानंतर एवढे दिवस ती कधीच घराबाहेर राहिली नव्हती. नवऱ्याने पिशवी खाली आणून दिली.

पहिल्या दिवशी ती जेवून आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी नऊ वाजेपर्यंत. बहिणीने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. दुपारी नवऱ्याचा फोन आला.

"पाय किती वेळा वाकवायचा म्हणालीस? दहा की पंधरा?"

"डॉक्टरांना विचारा," ती म्हणाली, आणि पुन्हा कुशीवर वळून झोपली.