सनमायकावरची पेशी

माझ्या नातवाचं पहिलं दूध मी बेसिनमध्ये ओतून टाकलं.

मुद्दाम नाही हो. मुलगी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत. हॉस्पिटलात मुलीच्या उशाशी वाटीच्या तळाला पिवळट, चिकट असं काहीतरी दिसलं. मला वाटलं, सांडलेलं औषध. वाटी विसळली, पुसली, पालथी घातली आणि शाबासकीसाठी वळलो. पोरीने अर्धा तास पंप लावून काढलेले ते थेंब होते. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की अजूनही मी कुठलीही वाटी बायकोला विचारल्याशिवाय विसळत नाही.

बायकोने हे खालच्या मजल्यावरच्या टीचरांना सांगितलं. टीचर म्हणजे कॉलेजात बायॉलॉजी शिकवून रिटायर झालेल्या, पंच्याहत्तरीच्या, फुलाफुलांचा फ्रॉक घालणाऱ्या, एकट्या. अशी एखादी बाई तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत कुत्रीसुद्धा त्यांना वाट द्यायची. मुलगी एकटीच घरी आली त्या दिवशी त्या वर आल्या, थेट माझ्यासमोर.

"खरवस खायला आरेच्या तबेल्यावर म्हशीच्या चिकासाठी नंबर लावतोस, आणि पोरीचा चीक मोरीत?"

"चुकलं, टीचर."

"मूर्ख आहेस. सरक."

घरात तेव्हा नुसती भीती होती. बाळाचं आतडं अजून कच्चं आहे, आईचं दूध मिळालं तर बरं, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि दूध येत नव्हतं. हळिवाचे लाडू झाले, शतावरी झाली. फोन वाजला की तिघंही दचकायचो. मी तर कुरिअरवाल्याशीही उभा राहून, हात जोडून बोलायचो.

टीचर रोज चार वाजता येत. पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून आमच्या डायनिंग टेबलाच्या सनमायकावर मोठा गोल काढत. "ही पेशी. इथे प्रोटीनचा धागा विणतात. मग त्याची घडी. घडी चुकली तर माल बाहेर सोडत नाहीत, आतच मोडतात. बरोबर असली तर पुढच्या खात्यात जातो, त्यावर पत्ता घालतात, इवल्याशा पिशवीत भरतात. पिशवी भिंतीला चिकटते, उघडते, माल बाहेर. घाई करून चालत नाही. आत काम चालू आहे." धडा संपायच्या आत पेशी वाळून जायची. त्या पुन्हा बोट बुडवायच्या.

"आत काम चालू आहे" हे त्या आमच्या बंद लिफ्टबद्दलही म्हणायच्या. त्यामुळे माझा फारसा विश्वास बसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "आणि दुधातली चरबी?"

"तिला पिशवी नसते. चरबीचा थेंब भिंतीपाशी येतो आणि जाताना पेशीची स्वतःची कातडी पांघरून जातो. तेवढी पेशी आपली कमी होते."

मुलगी उठली आणि पंप घेऊन आत गेली.

दूध आलं. बर्फाच्या पिशवीतली बाटली मांडीवर घेऊन मी रिक्षाने हॉस्पिटलला जायचो. स्पीडब्रेकर आला की रिक्षापेक्षा मी जास्त उडायचो.

चार दिवसांनी फोन आला. बाळाचं पोट फुगलंय. दूध बंद. बघू.

मुलगी पंप हातात धरून बसली होती. "आता कुणासाठी काढू, बाबा?"

बायको किचनमध्ये निघून गेली. तेवढ्यात टीचर आल्या. त्या दिवशी त्यांनी गोल काढला नाही.

"दूध उचललं नाही की पेशीला वाटतं, गिऱ्हाईक गेलं. ती दुकान आवरायला घेते. तिला आवरू देऊ नकोस. काढ. फ्रीझरमध्ये ठेव."

"आणि तो नाही..."

"काढ म्हटलं ना!" असा आवाज की मीसुद्धा ताठ झालो.

मटारच्या पाकिटाशेजारी त्या छोट्या बाटल्या वाढत गेल्या. एक, चार, नऊ. फ्रीझर उघडायची मला हिंमत होईना. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पोट उतरलंय, एक-एक मिलीने सुरू करू. मी एवढा मोठा माणूस हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरवर बसून रडलो. स्कूटरवाला बिचारा दहा मिनिटं थांबला.

बाळ घरी आलं. टीचरांनी दारातूनच पाहिलं, "वजन?" असं विचारलं आणि खाली गेल्या. आता तो चार वर्षांचा आहे, आणि आमची लिफ्ट बंद पाडणाऱ्यांत त्याचा नंबर पहिला.

गेल्या वर्षी टीचर गेल्या. झोपेतच. त्यांना मातीत ठेवून आम्ही दोघं घरी आलो. मी म्हणालो, "काय बाई होती! आपण सगळे थरथर कापत होतो, त्या एकट्या घाबरल्या नाहीत."

बायको चप्पल काढता काढता थांबली.

"तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्यांनी. रोज जिन्यात माझा हात धरायच्या. गार पडलेला असायचा त्यांचा. 'वाचेल ना गं?' म्हणायच्या. एकदा मी चिडलेच. म्हटलं, 'टीचर, तुम्हीच वर एवढं ठासून सांगता, आणि इथे मला विचारता?' तर म्हणाल्या, 'मी पेशीचं सांगते गं. पोराचं मला काय माहीत?'"