फोनच्या पलीकडचे वडील

साताऱ्याच्या शाळेतून माझी बदली विट्याजवळच्या एका गावात झाली आणि पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनाचं नाटक माझ्या गळ्यात घातलं. "मॅडम, मराठी तुमच्याकडे, म्हणजे नाटकही तुमच्याकडेच."

नववीचा वर्ग मिळाला. शेवटच्या तासाला आम्ही बाकं भिंतीला सरकवायचो आणि मधल्या जागेत खेळायचो. मुलं वाक्यं पाठ करून एका दमात म्हणून टाकायची. मी रोज तेच सांगायचे, "समोरचा काय बोलला ते आधी ऐका, मग तोंड उघडा." ती मान हलवायची आणि पुन्हा तसंच करायची.

एक दिवस मी म्हटलं, "घरी फोन आला की काय होतं, ते करून दाखवा."

एक उंच, अबोल मुलगी पुढे आली. तिचे वडील तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवतात, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करून देतात. त्या वर्गातल्या बऱ्याच जणांचे वडील, काका याच धंद्यात लांबलांबच्या शहरांत आहेत. तिने कंपासपेटी कानाला लावली आणि एकटीने सगळं घर उभं केलं. आधी आई, मग धाकटा भाऊ, मग आजोबा. प्रत्येकाचं बोलणं तेच. "जेवला का? बरं हाय न्हवं? ठिवू मग?" मुलं पोट धरून हसली. मग हळूहळू गप्प झाली. प्रत्येकाला आपलं घर आठवलं असणार.

"हेच नाटक करू या," मी म्हटलं.

वडिलांचं काम एका मुलाने मागून घेतलं. त्याचे वडील इथेच शेती करतात. पहिल्याच तालमीला तो अडला. "मॅडम, फोन ठेवल्यावर मी काय करू?"

मी त्या मुलीकडे पाहिलं. "मला काय म्हाईत," ती म्हणाली. "ठिवल्यावर आमाला दिसतंय व्हय?"

"मग विचार की पप्पांना."

हे असलं काही आपल्या वडिलांना विचारता येतं, असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती घंटेच्या आधीच स्टाफरूमच्या दारात हजर. "मॅडम, इचारलं! आधी काय बोलंनातच. मला वाटलं रेंज गेली. मग म्हनले, दुकानाच्या पायरीवर बसतो. समोर एक बाई गजरे विकती, तिच्यासंगं मोडकंतोडकं तमिळ बोलतो. आमी इथं काय करत असू त्येचा इचार करतो म्हनले." ती दम घ्यायला थांबली. "लय बोलले मॅडम. मग आईनं माझ्या हातातनं फोनच काढून घेतला."

नाटकाला दुसरी बाजू मिळाली. रंगमंचावर डावीकडे घर, उजवीकडे पायरी. मुलांनी संवाद स्वतः रचले, त्यांच्याच बोलीत. आजोबांचं काम त्या मुलीनेच घेतलं.

संमेलनाला मांडव भरला होता. तिचे खरे आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. नाटकातल्या वडिलांनी फोनवर विचारलं, "आबा, गुडघा कसा हाय?" फेटा बांधलेली मुलगी उत्तर देणार, तेवढ्यात खाली खरे आजोबाच उठून ओरडले.

"बरा हाय रं! तू कवा येतूस ते सांग!"

सगळा मांडव हसला. हे वाक्य संहितेत नव्हतं. वडिलांचं काम करणाऱ्या मुलाने कंपासपेटी कानाला घट्ट धरली आणि थेट म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"येतो की आबा. ऊस तुटायच्या आत येतो."

"ये मग," म्हणत आजोबा खाली बसले. आता कुणी हसलं नाही. मुलीने चार वाक्यं सोडून अचूक पुढचा धागा उचलला आणि नाटक चालू राहिलं. इतके दिवस जे मी घसा कोरडा करून सांगत होते, ते त्या पोराने भर मांडवात करून दाखवलं होतं. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हातात पडद्याची दोरी होती.

कुणीतरी मोबाईलवर नाटकाचा व्हिडिओ काढून मुलीच्या वडिलांना पाठवला. साखर कारखान्याची ऊसतोड यायच्या आधी ते खरोखरच गावी आले आणि एका दुपारी शाळेत उभे राहिले. शांत माणूस, बोटांवर गलाईच्या ॲसिडचे जुने डाग.

"मॅडम, माझं काम करणारा कोन हाय? दावा तरी."

मुलगा लाजून पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला होता. वडील तिथे गेले. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होते मात्र.

ती मुलगी आता दहावीत आहे. जादा तास संपला की आठवीच्या तालमीला येऊन बसते. काल एक लहानगी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, तेव्हा ही भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला सांग गं. मी एवढ्या लांब हाय, मला ऐकायचंय."

लहानगीने मोठा श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.