हळदीच्या दुसऱ्या दिवशीची ग्रिप

किस्से काही जमवावे लागत नाहीत. चार वेडी माणसं एकत्र आली की ते आपोआप साठतात, फ्रिजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात तसे. कुणी आणल्या ते आठवत नाही आणि टाकवत तर मुळीच नाहीत!

आमची चार वेडी माणसं म्हणजे रिमोटच्या गाड्या पळवणारी. 'खेळण्यातल्या' म्हटलं की निलेश रुसतो. खऱ्या टूरिंग कारची हातभर लांबीची धाकटी बहीणच ती. मोटर, स्प्रिंगा, शॉक अब्सॉर्बर, सगळं आहे. सरळ रेषेत ती कुणीही पळवेल. वळण आलं की मागची चाकं जमीन सोडतात आणि गाडी भोवऱ्यासारखी गरगरते. चाकांनी जमीन धरून ठेवावी, म्हणजे 'ग्रिप' मिळावी, यासाठी आमचे सगळे रविवार खर्ची पडतात.

निलेश ठाण्याचा, घोडबंदर रोडचा, सॉफ्टवेअरवाला. म्हात्रेंचं कल्याण-शीळ रस्त्यावर मंगल कार्यालय आहे आणि त्याचं सिमेंटचं पार्किंग हाच आमचा ट्रॅक. कांबळेकाका कोपरचे, ठाण्याच्या कोर्टातून स्टेनो म्हणून रिटायर झालेले. आणि चौथी मी, डोंबिवलीची. नवऱ्याने हौसेने गाडी घेतलेली, पहिल्याच रविवारी खांबावर आपटली आणि माळ्यावर टाकून दिली. दिवाळीच्या साफसफाईत ती माझ्या हाती लागली. साफसफाई अजून अर्धीच आहे!

*

एका रविवारी सगळ्यांच्याच गाड्या रुळावरून धावल्यासारख्या वळत होत्या. निलेशने आदल्या दिवशी मागच्या स्प्रिंगा बदललेल्या. झालं! साहेबांनी लेक्चर सुरू केलं. स्प्रिंग नरम केली की वजन मागे कसं बसतं, चाक किती कललेलं असावं, वगैरे. आम्ही माना डोलावतोय.

कांबळेकाकांनी हळूच विचारलं, "पण निलेश, स्प्रिंगा तू तुझ्या बदलल्यास. माझी गाडी का सुधारली?"

निलेशने गाडी उलटी करून स्प्रिंगा पुन्हा बघितल्या. तेवढ्यात म्हात्रेंच्या आई बादली आणि खराटा घेऊन आल्या.

"सरा रं बाजूला! काल हलदीला सरबताचा पिंप कलंडला हितं. पाय चिकटतान नुसतं!"

त्या दिवसापासून आमचं टाइमटेबल बदललं. म्हात्रेंना फोन केला की पहिला प्रश्न, "शनिवारी हळद आहे ना?"

*

मुहूर्त नसतील तेव्हा काय? निलेशने साखरेचं पाणी करून फवारणीच्या पंपाने ट्रॅकभर मारलं. हात जरा सढळच होता. पहिली गाडी वळणावर आली, चाकं अशी चिकटली की गाडी तिथल्या तिथे उलटी. दुसरी उलटी. तिसरी पण उलटी!

"ग्रिप जास्त झाली!" निलेश ओरडला.

म्हात्रे कपाळावर हात मारून म्हणाले, "वर्षभर ग्रिप नाय म्हणून रडलात. आता मिळाली तर जास्त झाली! तुमच्यापेक्षा वऱ्हाडी बरे हो!"

दुपारपर्यंत ट्रॅकवर मुंग्यांची रेस सुरू झाली. त्यांच्यातली एकही उलटली नाही.

*

एकदा हळदीनंतर खराटा फिरायच्या आधीच आम्ही पोचलो. निलेशच्या गाडीची बॉडी नवी कोरी, पांढरीशुभ्र. चार चकरांत ती पिवळीधम्मक! तो रुमालाने पुसतोय, पुसेल तितकी ती जास्त रंगतेय.

म्हात्रेंच्या आई पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "हलद त लागलीच हाय, आता लगीन पन उरकून टाक तिचा!"

*

टायर मऊ पडावेत म्हणून त्यांना एक औषध चोळतात. वास थेट कंबरदुखीच्या मलमाचा. कांबळेकाका घरीच बाल्कनीत बसून चोळायचे. एकदा बाटली बाहेरच राहिली. त्यांच्या बायकोचा, मंदाकाकूंचा, गुडघा धरलेला. वासावरून त्यांनी ओळखलं, औषधच आहे, आणि चांगलं रगडून लावलं.

काकांना कळलं तेव्हा ते घाबरले. पाणी आण, साबण आण, डॉक्टरांना फोन लाव. काकूंच्या पायाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी विचारलं, "काकू, गुडघा कसाय?"

"दुखतोय तसाच. पण जिन्यावरून घसरायची भीती गेली!"

*

गाडीचं वजन चारही चाकांवर सारखं पडावं लागतं, आणि ते तपासायला एकदम सपाट जागा लागते. आमच्या घरात तशी जागा एकच, स्वयंपाकाचा ओटा. दुपारी सासूबाई झोपल्यात असं बघून मी ओट्यावर वजनकाटे मांडले आणि गाडी त्यांवर ठेवली. मागचं उजवं चाक हलकं पडत होतं.

मागून आवाज आला, "काय चाललंय?"

"काही नाही आई, इथे थोडं वजन कमी पडतंय."

त्यांनी परातीतल्या कणकेचा एक गोळा तोडला आणि त्या चाकाच्या वर दाबून बसवला. काटे सारखे!

त्या हात धूत म्हणाल्या, "वाळली की हलकी होईल हं. दर रविवारी ताजी मळावी लागेल!"

*

आमची वर्षाची मोठी रेस पितृपक्षात असते, कारण तेव्हा कार्यालय रिकामं असतं. ठाण्याची बरीच मंडळी येतात. गेल्या रेसच्या आधी कांबळेकाकांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. ज्या बोटांनी आख्खं कोर्ट टिपून घेतलं, त्यांना शर्टाचं बटण लागेना. आम्ही भेटायला गेलो की ते भिंतीकडे बघत बसायचे. गाडी कपाटावर, टॉवेलखाली झाकलेली.

रेसच्या सकाळी कार्यालयाच्या गेटवर रिक्षा थांबली. आधी मंदाकाकू उतरल्या, मग काका, मग पिशवीतून गाडी.

"जय भीम, मंडळी," काकू म्हणाल्या. "आम्ही खेळणार आहोत."

आमचा रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हाताच्या बोटाने वेग द्यायचा, उजव्या हाताने बाजूचं चाक फिरवून वळवायचं. काकांनी डाव्या हातात रिमोट धरला. काकू उजवीकडे खेटून उभ्या राहिल्या आणि चाक धरलं. म्हात्रेंनी शिटी वाजवली.

"अहो, ब्रेक!"

"तू... वळव... आधी!"

"वळवतेच आहे! तुम्ही जरा हळू घ्या ना!"

गाडी भिंतीवर गेली. निलेशने धावत जाऊन सरळ केली. परत भिंतीवर. ठाण्याची मंडळी हसली. आणि मग काका-काकू दोघंही बोलायची थांबली. नुसती गाडीकडे बघत होती. वळण आलं, काकांचं बोट सैल झालं, काकूंचं मनगट वळलं आणि गाडी अलगद वळून सरळ निघाली. पुढचंही वळण तसंच. मला समोरचं धूसर दिसायला लागलं, म्हणून मी चष्मा पुसला.

शेवटून दुसरा नंबर आला. शेवटचा निलेश. त्याने सकाळीच स्प्रिंगा बदललेल्या!

म्हात्रे भिंतीवर खडूने निकाल लिहीत होते. त्यांनी वळून विचारलं, "काका, ड्रायव्हर म्हणून नाव कुणाचं लिहू?"

काकांनी शब्द जुळवायला वेळ घेतला.

"हिचं... लिही. मी नुसता... पळवत होतो."

काकूंनी रिमोट पिशवीत ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "लग्नापासून!"