खिशातले हात

आमच्या मोरिवलीत हळद कोणाचीही असो, डीजे तोच असतो. गाणं बदलताना दोन्ही गाण्यांचे ठोके जुळवायला तो मशीनवरची चकती करंगळीने जराशी ढकलतो. कोणी कौतुक केलं की "बस ना यार" म्हणत हेडफोन उगाच नीट करतो. चकती ढकलताना सूर हलू नये म्हणून आधी एक बटण दाबावं लागतं.

पुतणीच्या हळदीत ते दाबायचं राहिलं. मी नव्या गाण्यासोबत माईकवर गात होते. त्याने चकती ढकलली, गाण्याचा सूर वर सरकला आणि मीच बेसूर ठरले. नणंद म्हणाली, "वहिनी, राहू द्या आता." बायका हसल्या. मला मान वर करवेना.

"ताई, तुमचं बरोबर होतं. सूर माझ्याकडून हलला," तो सगळ्यांसमोर माईकवर म्हणाला. "परत घ्या."

मी घेतलं. चालू गाण्यात ते बटण दाबलं तरी सूर उडतो, म्हणून त्याने मशीनला हातच लावला नाही. मागचं गाणं अजून खाली वाजतच होतं; दोन्ही गाण्यांचे ठोके सुटून एकमेकांवर आदळायला लागले. नाचणारी पोरं थांबली. "भाई, क्या कर रहा है?"

त्याचे कान लाल झाले. पण माझं कडवं संपेपर्यंत त्याने खिशातले हात बाहेर काढले नाहीत.