मास्तरांनी पाहिली तेव्हा तार आली

माझी लेक पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. परवा जेवताना ती कुरकुरत होती. वायरीतून एकामागून एक अक्षरं मशीनमध्ये येतात, पण ती कधी आली याची वेळ वरचा प्रोग्राम त्याला सवड मिळेल तेव्हा टाकतो. तोवर अक्षरं आत साचून राहतात आणि मग सगळ्यांवर एकच वेळ पडते. "वेळ आत टाकायला पाहिजे गं आई, ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात. अक्षर दारातून आत आलं की लगेच," ती म्हणाली. मला एवढं हसू आलं की वरणाचा भुरका नाकात गेला. हा वरचा प्रोग्राम माझ्या ओळखीचा होता. सत्तरच्या दशकात मी त्याच्या हाताखाली नोकरी केली होती.

वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता. आमचा जिल्हा अकोला. कामरगावच्या अलीकडे एका गावात पोस्ट होतं आणि पोस्टात तारेचं यंत्र. नागपूरला तारेचं शिकून मी तिथे लागले. आमच्या बौद्धवाड्यातली सरकारी पगार घेणारी मी पहिली पोरगी. माझ्या टेबलावर पितळी साउंडर होता. लांबच्या पोस्टातला माणूस तिकडे बटण दाबायचा आणि इकडे कट्ट-कट-कट्ट वाजायचं. एका वेळी एकच अक्षर. कानाने ऐकायचं, हाताने लिहायचं. एक लिहून होईस्तोवर दुसरं येऊन उभं.

पोस्टमास्तर स्वभावाने मऊ, अंगाने भारी आणि झोपेला फार हळवे. तारेवर आल्याची वेळ लिहून ठप्पा मारायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. ठप्पा त्यांच्या ड्रॉवरात, ड्रॉवराची किल्ली त्यांच्या जानव्याला आणि जानवं दुपारभर घरच्या बाजेवर. ठप्प्याशिवाय तार बाहेर जात नसे. मास्तर उठले, तोंड धुऊन आले, की भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे आणि साचलेल्या सगळ्या तारांवर तीच वेळ लिहून धाडधाड ठप्पे मारायचे.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, ही तार सकाळची हाये."

"मी पाह्यली तवा आली," ते म्हणाले. "शिळी भाकर होते बाई, तार नाई होत."

असं सुखात चाललं होतं. मग पाटलांच्या दोन्ही सुना एकदमच बाळंतपणाला माहेरी गेल्या. थोरलीचं माहेर कारंज्याला, धाकटीचं मेडशीला. बाजाराचा दिवस होता. पोस्ट उघडलं आणि मेडशीकडची तार वाजली: मुलगा झाला, दोघं सुखरूप. मास्तर भाजी घ्यायला गेलेले. भाजी आली, जेवण झालं, मास्तर आडवे झाले, आणि कारंज्याची तार वाजली: मुलगा झाला, दोघं सुखरूप. मास्तर उठून आले, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दोन्हींवर एकच वेळ लिहून ठप्पे मारले.

दोन नातू, एकाच घटकेला! पाटलांनी गावभर पेढे वाटले. पोस्टातही पुडा आला आणि मास्तरांनी त्यातले बरेचसे स्वतः तपासले. गावच्या जोश्यांना दोन पत्रिका मांडायच्या होत्या. तारांमध्ये जन्मवेळ नव्हती, पण वर सरकारी वेळ होती. जोश्यांनी तीच धरली. दोन्ही पत्रिका हुबेहूब निघाल्या. असा योग पिढ्यांतून एकदा येतो, म्हणाले. दोघांच्याही नशिबात कष्ट नाहीत, बसून खाण्याचा योग बलवान आहे.

आमच्या घरी पत्रिका छप्पन सालीच मोडीत निघाल्या होत्या. मी ही बातमी सांगितली तेव्हा बाबा विडी विझवून हसत बसले. "म्हंजे पाटलाच्या नातवायची पत्रिका आपल्या पोरीच्या टेबलावर बनली!"

अडचण नावावर आली. पाटलांच्या घरी पणजोबाचं नाव थोरल्या नातवाला द्यायची रीत होती. आता थोरला कोण? कारंज्याच्या व्याह्यांचा निरोप आला, आमचं लेकरू पहाटे झालं. मेडशीवाल्यांनी कळवलं, आमचं पहाटेच्या आधी. मग कारंज्याचं लेकरू मध्यरात्रीकडे सरकलं. ही लेकरं अशीच मागे जात राहिली तर आपापल्या बापाच्या आधी जन्मतील, असं बाजारात लोक म्हणू लागले. शेवटी पाटील जोश्यांना घेऊन पोस्टात आले आणि दोन्ही तारा त्यांनी टेबलावर ठेवल्या.

"मास्तर, व्याह्यांचं मी नाई ऐकत. सरकारी सांगा. कोणती आधी आली?"

"दोन्ही एकाच टाइमाले आल्या, पाटील. लिवलंच हाये ना."

पाटलांनी खिडकीतून बाहेरच्या खांबाकडे बोट दाखवलं. "तार तं एकच दिसून राह्यली मले. एका तारंतून दोन तारा एकदम कशा येतीन?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, पण माझ्या जिभेला खाज सुटली होती.

"नाई येत, पाटील," मी म्हटलं. "एकामागून एकच अक्षर येते. मेडशीची सकाळी आली, कारंज्याची जेवणं झाल्यावर."

"म्हंजे मेडशीवाला थोरला!"

"तसंबी नाई. तार आधी आली म्हंजे त्या लेकराचा मामा पोस्टात आधी पोचला. लेकरू कवा आलं, हे तारेले काय ठाऊक?"

जोशी पुढे झाले. "मग हे वर लिहिलं आहे ती वेळ कशाची?"

"ते मास्तर झोपून उठले त्याची."

जोश्यांचा चेहरा तांबडा झाला. पाटलांनी हळूच विचारलं, "म्हंजे पत्रिका…"

"मास्तरायच्या उठण्याची हाये."

पाटील आधी खोकल्यासारखे झाले, मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते बाकावर बसले आणि डोळे पुसत पुसत हसले. "म्हणून! म्हणून त्यात कष्ट नाई, बसून खाणं हाये!" मास्तरांनाही राहवलं नाही, ते स्वतःच्या पत्रिकेवर मनापासून हसले. जोशी मात्र छत्री उघडून कडक उन्हात एकटे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जानव्याची किल्ली सोडून माझ्यापुढे ठेवली. "घे बाई. आता डोळा लागला की वाटते, कोणाची तरी पत्रिका बिघडून राह्यली." तेव्हापासून साउंडरने हाक दिली की मी आधी घड्याळ पाही, वेळ लिही आणि मगच मजकूर घेई. याचा त्रास फक्त तार वाटणाऱ्या शिपायाला झाला. तार आल्याची खरी वेळ आणि घरी पोचल्याची वेळ यांच्यामध्ये त्याचा चहा, पान आणि पत्त्यांचा डाव उघडे पडू लागले. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

सुना परत आल्यावर पाटलांनी तंटाच मिटवला. पणजोबाचं नाव दोघांनाही दिलं. बारशाचं बोलावणं मलाही आलं. बाबा म्हणाले, "जाशीन, पण मागच्या दारानं नको जाऊ." मी पुढच्या दाराने गेले. ओसरीवर दोन पाळणे शेजारी होते. पाटलीणबाईंनी हात धरून मला मधल्या पाटावर बसवलं आणि एकेका हातात एकेक दोरी दिली. "तुले काय वाट्टे वं, थोरला कोणता?" त्यांनी कानाशी विचारलं. डावीकडचा रडत होता, उजवीकडचा झोपला होता. मी म्हटलं, "पत्रिकेपरमानं तं उजवीकडचा." त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि समोर बसलेल्या मास्तरांना काही केल्या कळेना की आम्ही दोघी कशाला हसतो आहोत.